बटण, रिले आणि आईची ऊब

चंद्रपूर हे नाव ऐकताच बाहेरगावच्या माणसाला प्रथम आठवते ते तेथील ऊन. मे महिन्यात येथे पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि कूलरच्या घरघरीवाचून दुसरा आवाज कानी येत नाही. अशा मुलखात राहणाऱ्या धर्मगुरूने मोटारीचे आसन विजेने गरम करण्याविषयी चार पाने लिहावीत, हे पाहून वाचकांना हसू आले तर त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या एका स्नेह्याने तर, हे म्हणजे वसईला मीठ पाठवण्यासारखे झाले, असे आम्हांला कळवलेही.

परंतु या मुलखाला हिवाळाही आहे, आणि तो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनांनी व्यापलेला आहे. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती अशा मोठ्या नद्या आणि असंख्य नाले त्यातून वाहतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री या खोऱ्यांत धुके उतरते, पारा १० अंशांच्या खाली जातो आणि प्रत्येक अंगणात शेकोटी पेटते. समुद्रकाठी वाढलेल्या आम्हांला पहिल्या हिवाळ्यातच कळून चुकले की, उन्हाळ्याने भाजून काढणारी ही भूमी थंडीतही कोणाची गय करीत नाही.

आता या थंडीत उघड्या जीपमधून चार दिवसांचे बाळ नेणे म्हणजे काय, याची वाचकांनी कल्पना करावी. आमच्या सिस्टरांच्या दवाखान्याची एक जुनी डिझेल जीप आहे. वर ताडपत्रीचे हुड, बाजूंना बटणांनी अडकवलेले पडदे आणि मागे रेक्झिनची लांब बाके. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली आणि तिने पुष्कळांचे प्राण वाचवले. तरीही पक्का रस्ता जेथे संपतो तेथून पुढच्या पाड्यांवर जे वाहन हाताशी असेल तेच रुग्णवाहिका होते. कधी ते वाहन म्हणजे चार माणसांच्या खांद्यांवरची खाट असते, कधी ट्रॅक्टर, कधी आमची ही जीप. भामरागडच्या बाजूहून गडचिरोली शहर गाठायचे तर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास होतो. रात्रभर हुडच्या फटींतून वारा आत येतो आणि रेक्झिनचे बाक बर्फासारखे गार पडते.

मोठ्या माणसाला थंडी वाजली तर तो कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्यातूनच शरीर स्वतःपुरती उष्णता निर्माण करते. नवजात बालकाला ती कला अवगत नसते. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचा विस्तार मोठा आणि अंगावरची चरबी थोडी. अपुऱ्या दिवसांचे असेल तर तीही नाही. त्याच्या शरीराचे तापमान साडेछत्तीस अंशांखाली गेले की ते दूध ओढीनासे होते, दूध न मिळाल्याने आणखी थंड पडते आणि हे चक्र बघता बघता जीवघेणे ठरते. गडचिरोलीत १९८६ पासून 'सर्च' या संस्थेच्या द्वारा काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हे दुखणे अतिशय जवळून पाहिले. त्यांनी ३९ गावांतील स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकवले. बाळाला कोरडे करून गुंडाळणे, उबदार पिशवीत ठेवणे, श्वास अडखळल्यास मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे अशी ती कामे होती. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे हीच पद्धत देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. ऊब ही चैन नसून औषध आहे, हे अवघ्या देशाला शिकवले ते आमच्या या जंगली जिल्ह्याने.

तर अशा या पार्श्वभूमीवर तापणाऱ्या आसनांची गोष्ट आमच्या दारी आली. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगा उत्तर अमेरिकेत नोकरीस आहे. सुटीवर आला असता त्याने सिस्टरांच्या जीपमधून एक रात्र प्रवास केला, आणि परत गेल्यावर तेथील मोटारींच्या आसनांत बसवण्याच्या चार तापणाऱ्या पट्ट्या धाडून दिल्या. त्या देशांत ही वस्तू नवलाची नाही. १९६६ साली कॅडिलॅक या अमेरिकन मोटारीत असे आसन मागणीनुसार मिळू लागले, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने ते आपल्या मोटारींत नेहमीचेच म्हणून बसवले. आसनाच्या कापडाखाली बारीक तारांची नागमोडी जाळी असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते. इस्त्रीत आणि गिझरमध्ये जे घडते तेच येथे सौम्यपणे घडते. हवा तापवणाऱ्या हीटरला बंद मोटार लागते. ताडपत्रीच्या जीपमध्ये तो हीटर म्हणजे रानात शेकोटी पेटवून सारे रान उबदार करू पाहणे. आसनाची ऊब मात्र थेट अंगाला लागते.

पट्ट्या आल्या आणि शहरातील एका गॅरेजात त्या बसवूनही झाल्या. मिस्त्रीने बॅटरीकडून एक बारीक वायर डॅशबोर्डावरच्या बटणाला आणली, बटणापासून तीच वायर मागच्या बाकापर्यंत नेली आणि काम संपवले. बटण दाबताच बाक गरम झाले. सर्वांनी समाधान मानले.

जानेवारीतील एका रात्री बाळंतीण, तिचे चार दिवसांचे बाळ, बाळंतिणीची सासू आणि एक सिस्टर यांना घेऊन जीप आलापल्लीच्या जंगलातून चालली होती. सुमारे तासाभराने ड्रायव्हरच्या नाकाला जळक्या प्लॅस्टिकचा वास लागला. बटणाला हात लावून पाहावा तो चटका बसला, आणि बटण बंदही होईना, कारण आतले प्लॅस्टिक वितळून पत्र्याला पत्रा चिकटला होता. डॅशबोर्डाच्या मागून धूर येऊ लागला. ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून गाडी थांबवली, आई-बाळाला खाली उतरवले आणि पान्याने बॅटरीचे टोक सोडवून काढले. कोणाला इजा झाली नाही. पण मध्यरात्रीच्या थंडीत, सागवानाच्या झाडाखाली, त्या चार दिवसांच्या जिवाला आजीच्या लुगड्यात आणि सिस्टरांच्या शालीत गुंडाळून किती वेळ उभे राहावे लागले, हे सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी आम्हांला सांगितले तेव्हा ऐकवेना.

साहजिकच मंडळींत कुजबुज सुरू झाली. आपल्या मुलखाला न मानवणारा हा थाट आधी काढून टाका, असे बहुतेकांचे मत पडले. सिस्टरांनी एवढेच विचारले की, पट्ट्या काढल्याने थंडी निघून जाणार आहे काय? या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. तेव्हा आम्ही चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये शिकलेल्या, आता रस्त्याकडेला टपरी टाकून मोटारींच्या विजेची कामे करणाऱ्या एका तरुणाला बोलावून घेतले. त्याने डॅशबोर्ड उघडला, वितळलेले बटण तळहातावर घेतले, काही क्षण न्याहाळले आणि आपल्या वळणाच्या बोलीत म्हणाला, "फादर, बटनाचं काम फक्त सांगाचं. लोड वाह्याचं काम त्याचं नाही जी. दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात टाकली, म्हणून ते जळलं."

आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ पालथे घातले, परंतु कार्यकारणभाव इतक्या थोडक्यात मांडलेला आमच्या तरी ऐकण्यात नाही. त्याचे म्हणणे आम्ही कागदावर आकड्यांनी पडताळून पाहिले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे देतो.

एकेक पट्टी ४५ वॅटची. चारांचे मिळून १८० वॅट. जीपची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे १५ अँपिअरचा प्रवाह. इंजिन चालू असताना दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो, तेव्हा हाच प्रवाह साडेसतराला पोहोचतो. डॅशबोर्डावरची साधी बटणे काही थोड्या अँपिअरसाठीच बनवलेली असतात. बटणाच्या आत दोन पत्रे एकमेकांना टेकतात तेथे थोडासा विरोध राहतोच. तो ओहमच्या विसाव्या हिश्श्याइतका धरला तरी १५ अँपिअरला तेथे सुमारे ११ वॅट उष्णता साठते, आणि तीही अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, हा नियम शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. परंतु शाळेतला नियम आपल्या जीपमध्येही चालतो, हे ध्यानात यायला वितळलेले बटण हातात यावे लागते.

त्या तरुणाने यावर जो उपाय केला त्याचे नाव रिले. हॉर्नला, हेडलाइटला, रेडिएटरच्या पंख्याला बहुतेक गाड्यांत तो असतो. चहाच्या छोट्या पेल्यात मावेल एवढी काळी डबी, आत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वेटोळ्यातून थोडीशी वीज गेली की त्याच्या गाभ्यातील लोखंडाचे चुंबक बनते, ते एका पत्र्याला खेचून घेते आणि त्या पत्र्यामुळे दुसऱ्याच, जाड रस्त्याने येणाऱ्या विजेची वाट जोडली जाते. बटण बंद केले की चुंबकपण जाते, स्प्रिंग पत्र्याला मागे ओढते आणि वाट तुटते. आपल्याला फक्त 'टक्' असा आवाज येतो. घरातील स्टॅबिलायझर अधूनमधून असाच टकटकतो, तो याच कारणाने.

या वेटोळ्याला लागणारा प्रवाह सुमारे ०.१५ अँपिअर. म्हणजे जेथे पूर्वी १५ अँपिअर वाहत होते तेथे आता बटणातून त्याचा शंभरावा हिस्साच जातो, आणि बटणात साठणारी उष्णता दहा हजाराव्या हिश्श्यावर येते. बाकाला मिळणारी ऊब मात्र तसूभरही कमी होत नाही.

रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. जर्मन मोटार-उद्योगाने ठरवलेले हे आकडे जगभर चालतात, त्यामुळे चंद्रपूरच्या टपरीतला मिस्त्री आणि टोरांटोच्या गॅरेजातला मिस्त्री एकच भाषा बोलतात. ३० या पायाला बॅटरीची जाड वायर येते आणि ८७ मधून ती पट्ट्यांकडे जाते. ८६ व ८५ ही वेटोळ्याची दोन टोके. आमच्या मिस्त्रीने बॅटरीपासून पट्ट्यांपर्यंत ४ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर ओढली, आणि बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर, २५ अँपिअरचा फ्यूज बसवला. फ्यूज बॅटरीजवळच का, असे आम्ही विचारले. वायर कोठेही घासून गाडीच्या पत्र्याला टेकली तरी तिच्या आधी फ्यूज जळाला पाहिजे, आणि फ्यूजच्या अलीकडची वायर कोणाच्याच राखणीत नसते, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी, असे त्याचे उत्तर होते. बटणाला वीज त्याने चावीमागच्या वायरीतून दिली. चावी काढली की ऊब आपोआप बंद. नाहीतर ७५ अँपिअर-तासांची बॅटरी अडीच तासांत निम्मी रिकामी व्हायची, आणि थंडीत डिझेल इंजिन पहाटे सुरू होण्याचे नाव घेत नाही. वेटोळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या वाटेत त्याने बाकात बसवलेला थर्मोस्टॅट जोडला. बाक सुमारे ४० अंशांना पोहोचले की थर्मोस्टॅट रिलेला थांबायला सांगतो, गार झाले की पुन्हा सुरू करायला.

वाचकहो, रिले ही कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. या शब्दाचा मूळ अर्थ मुक्कामावर तयार ठेवलेली ताज्या दमाची जनावरे, असा आहे. आपल्याकडेही पेशवाईत हलकाऱ्यांकडून पत्रे जात, टप्प्याटप्प्यावर माणूस किंवा घोडा बदलला जाई आणि निरोप मात्र न थकता पुढे सरके. १८३०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ हेन्री व इंग्लंडात एडवर्ड डेव्ही यांनी हीच युक्ती विजेला शिकवली. लांबच्या तारेतून येताना क्षीण झालेला तारायंत्राचा संदेश एका विद्युत्-चुंबकाला हलवी, आणि ते चुंबक ताज्या बॅटरीच्या जोरावर तोच संदेश पुढे धाडी. आपल्या देशात १८५०-५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार ओढली गेली तेव्हापासून जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद होईपर्यंत किती जन्म-मृत्यूंच्या वार्ता अशा टप्प्यांनी घरोघरी पोहोचल्या असतील, त्याची गणती नाही. आमच्या चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रातही हेच तत्त्व राबते. तेथील प्रचंड प्रवाह तोडण्याचे काम अजस्र यंत्रे करतात, पण कधी तोडायचा ते सांगतो रिले.

मिस्त्रीने आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या मते साऱ्या कामात तीच मोलाची. जुन्या जोडणीत बटणातच एक लाल दिवा होता, तो बटण दाबले की लागे. त्याने तो दिवा बटणापासून सोडवला आणि त्याची वायर ८७ या पायाला, म्हणजे जेथून वीज पट्ट्यांकडे जाते तेथे, जोडली. आम्हांला यात काही विशेष वाटले नाही. तो म्हणाला, "बटनाचा दिवा फक्त एवढंच सांगते का तुम्ही बटन दाबलं. तिकडे बाक तापलं का नाही, ते त्याले का मालूम?"

रिलेतही दोष संभवतो. भारी प्रवाह जोडताना-तोडताना पत्र्यांत ठिणगी उडते, आणि क्वचित दोन्ही पत्रे सांधले जाऊन एकमेकांना चिकटून बसतात. मग बटण बंद केले तरी वीज चालूच राहते, आणि थर्मोस्टॅटने कितीही सांगितले तरी ऐकणारा कोणी उरत नाही. अशा वेळी बटणातला दिवा विझून खुशाल खोटा दिलासा देतो. ८७ वरचा दिवा मात्र तेवत राहून सावध करतो. या शक्यतेसाठीच प्रत्येक पट्टीच्या वाटेत, ती फार तापली तर स्वतःच तुटणारी एक वेगळी कळ असते, आणि फ्यूज उपसून काढणे हा शेवटचा उपाय आहेच. दुसऱ्या हिवाळ्यात असे खरोखरच घडले. बटण बंद केल्यावरही दिवा विझेना, हे ड्रायव्हरने पाहिले, दिलेल्या शिकवणीप्रमाणे गाडी थांबवून फ्यूज काढला आणि प्रवास पुढे चालू केला. बाकावर झोपलेल्या आईला याची जागही आली नाही. नवा रिले बसवायला दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे पुरली.

यंत्राची बाजू येथे संपते, पण माणसाची उरते. पहिल्याच दिवशी एका आजीने मोठ्या हौसेने नातवाला दुपट्यासह गरम बाकावर निजवले. सिस्टरांनी धावत जाऊन त्याला उचलले. नवजात बालकाची त्वचा इतकी कोवळी असते की मोठ्यांना सुखद वाटणारी उष्णता त्याला भाजू शकते, आणि ते सरकून बाजूलाही होऊ शकत नाही. तेव्हापासून दवाखान्याचा दंडक ठरला आहे. बाळ बाकावर ठेवायचे नाही. बाक आईसाठी आहे. आईने बाकावर बसावे, बाळाला टोपरे घालून, उघड्या अंगाने, आपल्या उघड्या छातीशी उभे धरावे आणि वरून दोघांना मिळून घोंगडी लपेटावी. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत म्हणून ही रीत सुरू केली आणि कांगारूवरून तिला नाव मिळाले. आज जागतिक आरोग्य संघटनाही अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी तिचीच शिफारस करते. बाळाला किती ऊब द्यायची हे आईच्या शरीराइतके नेमके कोणत्याही थर्मोस्टॅटला कळत नाही. मात्र ती आई स्वतःच थंडीने काकडत असेल, रक्त गेल्याने फिकी पडली असेल, तर ती ऊब आणणार कोठून? आमच्या पट्ट्यांचे काम एवढेच, की आईला गार पडू द्यायचे नाही. पुढचे ती पाहून घेते.

दुसरा दंडक एका वृद्ध गृहस्थांमुळे ठरला. त्यांना तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. उपचाराने रोग बरा झाला, पण पायांची आणि मांड्यांच्या काही भागाची संवेदना गेली ती गेलीच. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले, त्यामुळे अशी माणसे आमच्या परिचयाची आहेत. गरम भांडे उचलतात, बोटे भाजतात आणि कळत नाही. तपासणीसाठी नेताना हे बाबा बाकावर बसले, तेव्हा सिस्टरांनी आधी बटण बंद केले. बाबा थोडे नाराज झाले. "सगळ्यांले ऊन ऊन, अन् माह्या वाट्याले थंड का जी सिस्टर?" असे त्यांनी विचारले. सिस्टरांनी त्यांच्या पायांवर दुहेरी घोंगडी घातली आणि त्यांच्या शेजारी बसून कारण समजावून सांगितले. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, ४४ अंशांची वस्तूदेखील सुमारे सहा तास त्वचेला चिकटून राहिली तर भाजते, आणि पुढे प्रत्येक अंशागणिक हा काळ जवळजवळ निम्मा होत जातो. ज्याला चटका कळतो तो उठून बसतो. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी जागे राहावे लागते. मधुमेहाने पाय बधिर झालेले, अर्धांगाने लुळे पडलेले, गुंगीच्या औषधाखाली असलेले यांनाही हेच लागू पडते. परदेशी राहणाऱ्या आपल्या नातलगांच्या मोटारीत अशी आसने असतील, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत त्यांनीही हे ध्यानी ठेवावे.

या साऱ्याचा विचार करताना आम्हांला वाटते की, मदतीच्या कामातही सांगणारा, वाहणारा आणि पावणारा अशा तीन जागा असतात. परगावी राहून पट्ट्या धाडणाऱ्या मुलाची इच्छा चांगलीच होती, पण केवळ इच्छेने बाक गरम झाले नाही. पहिल्या गॅरेजाने त्या इच्छेचा सारा भार एका नाजूक बटणावर टाकला आणि ते जळाले. आपल्या धर्मग्रामांतही एखादी उत्साही व्यक्ती असते. सभा तीच बोलावते, वर्गणी तीच गोळा करते, आजाऱ्याकडेही तीच जाते आणि एक दिवस ती थकून घरी बसते. मग आपण तिलाच दोष देतो. भार वाहण्यासाठी जाड वायर वेगळी लागते, तिला तिचा फ्यूज लागतो, आणि दिवा जोडायचा तो जेथे ऊब पोहोचायची आहे तेथे. ठराव संमत झाला, रक्कम पाठवली, फोटो काढला हे सारे बटणातले दिवे आहेत. त्या दूरच्या पाड्यावरील बाळंतिणीची पाठ उबदार राहिली का, हे तिच्याकडे जाऊन पाहावे लागते.

जीपच्या बाकामागे आता पांढऱ्या रंगात तीन ओळी लिहिल्या आहेत, मराठीत आणि त्याखाली माडिया बोलीत. बाळ आईच्या छातीशी. ज्याच्या अंगाला चटका कळत नाही त्याच्यासाठी बटण बंद. बटण बंद करूनही दिवा लागलेला राहिला तर फ्यूज काढा. अक्षरे त्या मिस्त्रीनेच रंगवली आहेत. गेल्या हिवाळ्यात या बाकावरून नऊ बाळंतिणी आणि त्यांची बाळे गेली. नवव्या बाळाचे वजन दीड किलोपेक्षा थोडे अधिक होते. रात्रभराच्या प्रवासानंतर रुग्णालयाच्या दारात परिचारिकेने त्याच्या काखेत थर्मामीटर ठेवला. पारा ३६.८ वर उभा होता.